जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठ : वास्तूतून दिसणारे ईश्वरविज्ञान

गोव्याच्या धर्मवास्तूंविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक प्रवाशाचे लेखन. त्यात खांबांची उंची, वेदीवरील सोने आणि फेस्ताची तारीख यांचे मनोहर वर्णन आढळते व तेथेच ते थांबते. दुसरे लेखन राजकीय रोषातून जन्मते. त्याला प्रत्येक दगडात परकी सत्तेचा शिक्का तेवढा दिसतो. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार आले आहेत. एकाच्या दृष्टीने तो प्रचंड, तीन मजली, प्रेक्षणीय वाडा. दुसऱ्याच्या दृष्टीने स्त्रियांचा तुरुंग. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्याला ती पुरेशी नाहीत. ज्यांनी ही वास्तू बांधली त्यांना देवाविषयी, स्त्रीविषयी आणि पावित्र्याविषयी काय वाटत होते, हे त्यांनी ग्रंथात लिहिले त्याहून अधिक स्पष्टपणे जांभ्या दगडात लिहून ठेवले आहे. एखादा मतांगीकार वाचावा तसा तिचा आराखडा वाचण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

जुन्या गोव्याच्या पश्चिमेकडील उंचवट्याला पोर्तुगीज काळापासून ‘मोंती सांतु’, म्हणजे पवित्र टेकडी, हे नाव आहे. ऑगस्टिनियन संन्यासी १५७२ साली गोव्यात आले आणि पुढे याच टेकडीवर त्यांनी आपला विशाल मठ व कृपामातेचे मंदिर उभारले. त्या मंदिराचा आज उरलेला अर्धामुर्धा मनोरा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या समोरच, मधला रस्ता ओलांडला की, सांता मोनिकाची लांबच लांब भिंत सुरू होते. ही जागा म्हणजे रानातला आश्रम नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मठ बांधला गेला तेव्हा गोवा हे पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे राजधानीचे शहर होते, आणि व्यापारी, शिपाई, गुलाम, जहाजे, सावकार व पाद्री यांनी ते गजबजलेले होते. शहराच्या अगदी कुशीत राहून शहराकडे पाठ फिरविणे हा या वास्तूचा हेतू होता. आज तिच्या भोवती जी शांतता आहे ती मूळची नाही. ती शहर मेल्यामुळे आलेली आहे.

मठाचा पाया २ जुलै १६०६ रोजी घालण्यात आला आणि बांधकाम १६२७ साली पूर्ण झाले. संस्थापक आर्चबिशप आलेशु द मेनेझिश हे स्वतः ऑगस्टिनियन होते. केरळातील सुरियानी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात त्यांचे नाव १५९९ च्या उदयंपेरूर धर्मपरिषदेमुळे फारशा प्रेमाने घेतले जात नाही. प्राचीन पूर्वदेशीय उपासनापरंपरेला लॅटिन साच्यात बसविणारा हाच कर्तबगार आणि आग्रही धर्माधिकारी सात वर्षांनी गोव्यात स्त्रियांसाठी मठ उभारतो, यात विसंगती नाही. सर्व काही शिस्तीत, नियमात आणि आपल्या देखरेखीखाली असावे, हा त्यांचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच दिसतो. मठापूर्वी त्यांनी गोव्यात स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे काढली होती. पर्वतमातेच्या नावाचे एक गृह अनाथ कुलीन मुली व ज्यांचे पती दूरदेशी आहेत अशा स्त्रिया यांच्यासाठी होते, आणि दुसरे, माग्दालियाच्या नावाचे, ‘पतित’ म्हणून समाजाने बाजूला सारलेल्यांसाठी होते. मठ ही या दोहोंच्या वरची पायरी समजली गेली. स्त्रियांची अशी प्रतवारी लावून प्रत्येक प्रतीसाठी वेगळी भिंत बांधावी, या कल्पनेकडे आम्हांस पुढे पुन्हा यावे लागेल.

या मठास ‘आशियातील पहिला स्त्रीमठ’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती सोडून द्यावी, असे आम्ही सुचवितो. पॅलेस्टाईन, सिरिया व आशिया मायनर या प्रदेशांत व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रियांचे समुदाय चौथ्या शतकापासून होते, आणि तो भूभागही आशियाच होय. भारतात व त्यापलीकडील पूर्वेत युरोपीय परंपरेने स्थापिलेला पहिला स्त्रीमठ, एवढे म्हटले म्हणजे सत्यही सांगितले जाते आणि मठाचे महत्त्वही उणावत नाही. आपण युरोपचे डोळे लावून आशिया पाहतो, त्याचे हे एक छोटे उदाहरण आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट निराळीच आहे. मठाच्या आरंभी जी दोन नावे पुढे येतात ती मायलेकींची आहेत. ठाण्याहून आलेली फिलिपा फेरेरा नावाची श्रीमंत विधवा आणि तिची कन्या. व्रत घेतल्यावर आई फिलिपा द त्रिंदादे झाली, मुलगी मारिया दु इश्पिरितु सांतु. एक त्रैक्याची, दुसरी पवित्र आत्म्याची. फिलिपा ही मठाची पहिली अध्यक्षा. वसई, ठाणे, चौल हा त्या काळी पोर्तुगिजांचा ‘उत्तर प्रांत’ होता. तेथील एका विधवेने आपली संपत्ती पतीच्या कुळाच्या किंवा दुसऱ्या पतीच्या हाती जाऊ न देता एका स्त्रीसंस्थेच्या पायात घातली. धर्माधिकाऱ्यांच्या चरित्रांत मठ हे आर्चबिशपांचे कार्य म्हणून येते. परंतु हुकूम त्यांचा असला तरी पैसा आणि आयुष्य या स्त्रियांचे होते. विधवेला पुनर्विवाह किंवा नातलगांची ओसरी यांखेरीज तिसरी वाट क्वचितच मिळे, अशा काळात मठ ही ती तिसरी वाट होती. त्याला तुरुंग म्हणणाऱ्यांनी, दाराबाहेर या स्त्रियांसाठी कोणते स्वातंत्र्य वाट पाहत उभे होते, हेही सांगितले पाहिजे.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळू. महाराष्ट्रातील चौसोपी वाडा ज्याने पाहिला आहे त्याला सांता मोनिकाचा आराखडा समजण्यास अडचण पडणार नाही. मधोमध प्रशस्त चौक, चौकाच्या चारी बाजूंनी ओवऱ्या, ओवऱ्यांच्या आत खोल्या व दालने, आणि बाहेरच्या जगाला दिसते ती केवळ उंच भिंत. वाड्याप्रमाणेच हेही घर आतल्या बाजूला तोंड करून बसले आहे. ओवऱ्यांवरील छत कमानींचे असून त्या कमानींना उठावदार शिरा आहेत. चौकाच्या बाजूने हा भार दगडी टेक्यांनी तोलला आहे. छतांवर फुलवेलींची नक्षी आहे आणि काही दालनांच्या भिंतींवर पवित्र शास्त्रातील प्रसंग रंगविलेले आहेत. सबंध इमारत जांभ्याची, वरून चुन्याचा गिलावा केलेली. रस्त्याच्या बाजूला भिंतीला बाहेरून मोठमोठे कमानदार टेके दिलेले दिसतात. गोव्यातील इतर मंदिरांच्या दर्शनी भिंती पाहणाऱ्याला नटून सामोऱ्या येतात. येथे मात्र पाहणाऱ्यासमोर येते ते हे टेकूंचे राकट बळ. एखाद्या किल्ल्याला शोभावे असे हे दर्शन आहे, आणि आमच्या मते ते अनुचित नाही. आतील सौंदर्य बाहेरच्यांसाठी नव्हतेच.

चौकातल्या बागेला ‘लिलींचे खोरे’ असे नाव होते. हे नाव गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण देते, आणि त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातील बंदिस्त बागेची उपमा तर सर्व मठवास्तूचे बीजच होय. वधू ही कुलूप लावलेली बाग आहे, मोहोर केलेला झरा आहे, असे तेथे वर म्हणतो. मध्ययुगीन भाष्यकारांनी ती वधू म्हणजे ख्रिस्तमंडळी, पवित्र मरिया आणि व्रतस्थ कुमारिका अशी तिहेरी मानली. काव्यातील उपमा जेव्हा चुना-दगडात उतरते तेव्हा काय होते, हे पाहावयाचे असेल तर सांता मोनिकासारखे दुसरे उदाहरण भारतात मिळणार नाही. काव्यात बागेला कुलूप आहे ते प्रेमाच्या अनन्यतेचे. वास्तूत ते खरोखरीचे लोखंडी कुलूप झाले. उपमेचा अर्थ वाढविण्याऐवजी तिला शब्दशः बांधून काढले की ती उपमा राहत नाही, नियम होते. शास्त्रार्थ शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना शब्दशः अर्थाचे धोके समजावताना आम्ही पुस्तकी उदाहरणे देतो. ही वास्तू त्याचे तीन मजली उदाहरण आहे.

मठाचे मंदिर पवित्र मरियेच्या नावाने आहे. त्याची एक विशेषता सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मंदिराचे मुख्य द्वार वेदीच्या अगदी समोर असते. माणूस आत शिरला की त्याची नजर सरळ वेदीवर जाते. येथे लोकांसाठी द्वार लांबीच्या बाजूच्या भिंतीत आहे. पोर्तुगीज परंपरेतील स्त्रीमठांच्या मंदिरांची हीच रीत होती, आणि तिचे कारण सौंदर्यदृष्टीचे नव्हे. वेदीसमोरील जे टोक इतरत्र द्वारासाठी असते, ते अशा मंदिरांत मठवासिनींच्या गायनकक्षांनी व्यापलेले असे, खाली एक आणि वर एक. मध्ये लोखंडी जाळी. जाळीमागे बसून त्या दिवसाचे विहित प्रार्थनाक्रम गात; लोकांना आवाज ऐकू येई, चेहरा दिसत नसे. अशा मठांतून भिंतीतील लहानशा खिडकीतून पवित्र भाकर दिली जाई आणि बाहेरून येणाऱ्या वस्तू भिंतीत बसविलेल्या गोल फिरत्या कपाटातून घेतल्या जात, म्हणजे देणाऱ्याचा व घेणारीचा हातदेखील एकमेकांस दिसू नये. सर्व इमारतीत लोकांनी कोठे उभे राहावे हे ठरविले ते जाळीमागच्या, दिसतही नसलेल्या स्त्रियांनी. इतर मंदिरांत स्त्रिया बाजूला बसत. येथे पुरुषांनी बाजूच्या दाराने यावयाचे होते. यात एक उलटापालट आहे ती रचनाकाराच्या मनात नसेलही, पण दगडात आहे.

या जाळीचे मूळ गोव्यात नाही. आठव्या बोनिफासने १२९८ मध्ये व्रतस्थ स्त्रियांना मठाबाहेर पडण्यास मनाई करणारा हुकूम काढला; त्रेंत धर्मपरिषदेने १५६३ मध्ये त्याला नव्याने धार लावली, आणि तीन वर्षांनी पाचव्या पायसने तो सर्वत्र सक्तीने लागू केला. पुरुष संन्यासी याच काळात जहाजांवर बसून इराण, चीन, जपान येथे जात होते. ऑगस्टिनियनांचेच पाहा. टेकडीच्या एका बाजूचा मठ इस्पहान व हुगळीपर्यंत माणसे पाठवीत होता आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचा, त्याच नियमाखालील मठ, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हता. एका नियमाचे हे दोन अर्थ एका रस्त्याच्या दोन अंगांना उभे आहेत. जगाला सुवार्ता सांगण्याची आज्ञा पुरुषांसाठी आणि जगाचा त्याग करण्याची आज्ञा स्त्रियांसाठी, अशी ही वाटणी शास्त्रात कोठे आहे? पुनरुत्थानाची पहिली बातमी सांगावयास धाडली गेली ती माग्दालिया मरियाच होती.

ज्या संतिणीचे नाव मठाला दिले तिच्या आयुष्याशी ताडून पाहिले तर ही विसंगती अधिकच खुपते. मोनिका ही ऑगस्टिनची आई, उत्तर आफ्रिकेची रहिवासी, अख्रिस्ती पुरुषाची पत्नी, तीन मुलांची माता. मुलगा चोरून जहाजाने इटलीस निघून गेला तेव्हा तीही समुद्र ओलांडून त्याच्या मागे गेली आणि ३८७ साली ऑस्तिया बंदरात, परतीच्या वाटेवर, परमुलुखात वारली. ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’मधील मायलेकांचा तो शेवटचा संवाद खिडकीशी उभे राहून झालेला आहे, आणि त्या खिडकीला जाळी नव्हती. तत्त्वज्ञांच्या मंडळीत बसून मुलाशी ईश्वराविषयी वाद घालणारी, घरदार सोडून बंदरे पालथी घालणारी ही विधवा. आणि तिच्या नावाच्या घरात पाऊल घातल्यावर मरेपर्यंत बाहेर यावयाचे नाही! संताच्या अश्रूंचा गौरव करावा आणि तिच्या पायांना विसरावे, ही मंडळीची सवय जुनी आहे.

यापेक्षाही जड जाणारी गोष्ट शिरोवस्त्रांच्या रंगांची. मठात काळे शिरोवस्त्र घेणाऱ्या भगिनी पूर्ण व्रताच्या व पूर्ण अधिकाराच्या होत्या. त्यांची संख्या शंभरावर जाऊ नये असा निर्बंध घालण्यात आला होता. त्या बहुतांशी पोर्तुगीज किंवा पोर्तुगीज वंशाच्या कुलीन घराण्यांतील असत आणि येताना हुंडा आणीत. होय, हुंडाच, शब्दही तोच आणि कल्पनाही तीच, फक्त वर म्हणून ख्रिस्ताचे नाव होते. पांढऱ्या शिरोवस्त्राच्या भगिनींचा दर्जा खालचा होता. घरकामाचा भार त्यांच्यावर होता, आणि एतद्देशीय स्त्रीस मठात जागा मिळाली तर ती बहुधा याच रांगेत. त्यांच्याही खाली दासी व गुलाम स्त्रिया होत्या, ज्यांना शिरोवस्त्राचा प्रश्नच नव्हता. एका छताखाली, एका प्रभूच्या मेजाभोवती, जन्म आणि वर्ण यांवर आधारलेली ही उतरंड दोन शतकांहून अधिक काळ चालली. उत्तर आफ्रिकेची मोनिका जर त्या दाराशी आली असती तर तिला कोणत्या रंगाचे वस्त्र मिळाले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय त्या गायनकक्षात दरवर्षी वाचला गेला असणारच. तो वाचूनही भिंत राहिली. परंतु येथे बोट दाखविताना ते थरथरले पाहिजे. महाराष्ट्रातील आमच्या मंडळ्यांत, मग त्या कोणत्याही पंथाच्या असोत, प्रभुभोजनाचा प्याला एक असूनही सोयरिकीच्या वेळी पूर्वाश्रमीची जात विचारली जाते. आमच्याकडे पांढरे आणि काळे वस्त्र नाही एवढेच, आडनाव पुरते. गोव्याच्या मठाने निदान आपली उतरंड उघडपणे डोक्यावर धारण केली होती. इफिसकरांस पत्रात पौल ज्या मधल्या आडभिंतीविषयी लिहितो ती यहूदी मंदिरातली खरी दगडी भिंत त्याच्या डोळ्यांसमोर असावी, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. दगडी भिंतीचे एक बरे असते. ती दिसते.

मठाच्या ऐहिक इतिहासाविषयी थोडक्यात सांगतो. हुंडे व देणग्या यांमुळे मठाची मालमत्ता इतकी वाढली की सतराव्या शतकात गोव्याच्या नगरसभेने राजाकडे गाऱ्हाणे नेले. शहरातील संपत्ती आणि लग्नाच्या मुली मठात जातात, शहराला उरत नाहीत, असा त्याचा रोख होता. मठाची बाजू घेऊन भांडले ते त्यांचे धर्मगुरू व कारभारी दियोगु द सांता आना. याच वादाच्या काळात, फेब्रुवारी १६३६ मध्ये, मठातील क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीने डोळे उघडल्याचे व जखमांतून रक्त वाहिल्याचे सांगितले गेले. त्या क्रूसाची भक्ती आजतागायत चालू आहे. मठ संकटात असताना चमत्कार घडला म्हणून तो खोटा, हा युक्तिवाद आम्हांस उथळ वाटतो. आणि घडला म्हणून मठाची मालमत्ता निष्कलंक ठरली, हा तर त्याहून उथळ. मूक राहण्याची सक्ती असलेल्या घरात लोकांना मूर्ती बोलताना दिसली, एवढे मात्र नोंदवून ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मठाला आग लागून फार मोठी हानी झाली, आणि पुढच्या वर्षी पुनर्बांधणी सुरू झाली. आज आपण पाहतो ती इमारत मुख्यतः त्या दुसऱ्या उभारणीची आहे. तिच्यात तस्कन, कोरिंथी आणि मिश्र अशा तिन्ही धर्तीचे खांब व अर्धस्तंभ आढळतात. जाणकार त्यास शैलीची शुद्धता नाही असे म्हणतात. आम्हांस ती मोठी उणीव वाटत नाही.

या स्त्रिया काय विचार करीत होत्या? १६९९ साली लिस्बन येथे मठाच्या स्थापनेचा एक सविस्तर इतिहास छापला गेला. त्याचे लेखक फ्राय आगोस्तिन्यु द सांता मारिया, म्हणजे पुन्हा एक पुरुष संन्यासी. त्यात उपवास, दृष्टान्त, आज्ञापालन आणि पवित्र मरण यांच्या कथा आहेत. भगिनींचे आवाज त्यांत आहेत, पण गाळून आलेले आहेत, फिरत्या कपाटातून वस्तू यावी तसे. त्या नुसत्या आज्ञाधारक नव्हत्या, हे अठराव्या शतकात दिसून आले. आर्चबिशप इग्नासियु द सांता तेरेझा यांच्याशी मठातील एका गटाचा तीव्र संघर्ष झाला आणि प्रकरण मठाच्या भिंतीबाहेर गेले. ज्यांना जन्मभर दाराआड राहावयाचे होते त्यांनीही, वेळ आली तेव्हा, अधिकाराला प्रश्न विचारले. लोककथा या मठाला एक गोड स्मरणही देते: थरावर थर रचलेली ‘बिबिंक’ येथील बिबियाना नावाच्या भगिनीने प्रथम केली म्हणे. कथेला कागदाचा आधार असो वा नसो, उरलेल्या अंड्याच्या बलकांतून पक्वान्ने काढणे ही पोर्तुगीज स्त्रीमठांची सर्वत्र प्रसिद्ध कला होती. ज्या स्त्रियांचे लेखन आपल्यापर्यंत पोहोचले नाही त्यांची पाककृती पोहोचली, अशी ही समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मठाभोवतीचे शहर मात्र हळूहळू मरत गेले. साथींचे रोग, बिघडलेले पाणी, ओसरलेला व्यापार. व्हाइसरॉय १७५९ साली पणजीस राहावयास गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. तत्पूर्वी १८३४ च्या हुकुमाने पोर्तुगीज राज्यातील सर्व पुरुष संन्याससंघ मोडण्यात आले आणि पुढच्याच वर्षी गोव्यात तो अमलात आला. ऑगस्टिनियन गेले. अवघ्या काही वर्षांत, १८४२ साली, त्यांच्या मंदिराचे कमानी छत कोसळले. त्यांची मोठी घंटा कालांतराने पणजीच्या चर्चमध्ये गेली. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा काही भाग पडला. स्त्रीमठांच्या बाबतीत सरकारने निराळे धोरण ठेवले. नवी व्रते द्यावयाची नाहीत, पण आहेत त्या भगिनींना मरेपर्यंत राहू द्यावे. सांता मोनिकातील शेवटच्या भगिनीचे निधन १८८५ साली झाले. म्हणजे रस्त्यापलीकडचा मठ ओस पडून ढासळत असताना, कमी कमी होत जाणाऱ्या वृद्ध स्त्रियांनी हे प्रचंड घर पन्नास वर्षे राबते ठेवले. पावसाळ्याआधी कौले परतणे, गळती पाहणे, चौकातील झाडोरा काढणे ही कामे घरात माणूस असला तरच होतात. दोन मठांपैकी एक आज उत्खननाचे स्थळ आहे आणि दुसऱ्याला छप्पर आहे, याचे साधे कारण आमच्या मते हेच. ज्या बंदिवासाविरुद्ध आम्ही इतके लिहिले त्याच बंदिवासाने ही वास्तू वाचविली, हे कबूल न करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सांता मोनिकातील शेवटची भगिनी वारली त्याच सुमारास एक मराठी विधवा इंग्लंडमध्ये वाँटिज येथील स्त्रीमठात राहून आली होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथेच झाला. वाँटिजच्या भगिनींचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. परंतु विवेकबुद्धीचा निकाल मठाच्या अधिकारावर सोपविण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या एका प्रश्नाभोवती फिरतो. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले, आणि दुष्काळानंतर केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. ठाण्याची फिलिपा आणि केडगावच्या रमाबाई यांची तुलना केली जात नाही. पंथ निराळे, शतके निराळी. तरीही दोघी विधवा, दोघींजवळ एक एक मुलगी, दोघींनी स्त्रियांसाठी घर बांधले. फिलिपाच्या घरात येणारीला हुंडा आणावा लागे. रमाबाईंच्या घरात जिला काहीच नाही तिच्यासाठी जागा होती. फिलिपाच्या घरात प्रार्थना हे काम होते, रमाबाईंच्या घरात शेती, विणकाम, छपाई आणि शास्त्राचे भाषांतर हीही प्रार्थनेची अंगे झाली. केडगावलाही कुंपण होते आणि तेथील शिस्तही काही मऊ नव्हती. परंतु ते कुंपण आतल्यांना कोंडण्यापेक्षा बाहेरच्यांपासून त्यांचे रक्षण करण्यासाठी अधिक होते. भिंतीचा अर्थ ती कोणासाठी बांधली यावरून ठरतो.

१८८५ नंतर सांता मोनिका काही काळ लष्कराच्या वापरात होता. ध्यानाच्या खोल्यांत शिपायांच्या खाटा पडल्या. फार आश्चर्य करण्याचे कारण नाही. रांगेने खोल्या, मधे चौक, एकच दार आणि उंच तट, ही रचना मठाला व छावणीला सारखीच सोयीची. मग १९६४ साली, गोवा मुक्त झाल्यावर तीन वर्षांनी, येथे मातेर देई ही धर्मभगिनींच्या ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाची संस्था सुरू झाली. त्या वर्षी दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती, आणि पुढल्याच वर्षी तिने संन्यासजीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश काढला. ज्या घरात स्त्रियांनी गावे पण शिकवू नये, त्या घरात निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या भाषांच्या स्त्रिया पवित्र शास्त्राचा व सिद्धान्तांचा अभ्यास करावयास बसल्या, आणि अभ्यास संपल्यावर दाराबाहेर आपापल्या कामावर गेल्या. या वास्तूच्या चार शतकांतील सर्वांत महत्त्वाचा फेरबदल कोणत्या खांबाचा वा कमानीचा नसून हाच होय, असे आमचे मत आहे, आणि वास्तुवर्णनांत तो एका ओळीत उरकला जातो याची आम्हांस खंत वाटते.

दुसरा बदल २००२ चा. राशोल येथील सेमिनरीत १९९४ मध्ये स्थापन झालेले ख्रिस्ती कलासंग्रहालय त्या वर्षी सांता मोनिकाच्या आवारात आणले गेले, आणि मोठ्या डागडुजीनंतर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. हस्तिदंती मूर्ती, चांदीची पात्रे, जरीची उपासनावस्त्रे, भारतीय कारागिरांच्या हातून उतरलेले ख्रिस्ताचे व मरियेचे मुखवटे तेथे आहेत. युरोपीय नमुन्यावर काम करणाऱ्या हातांनी नकळत आपली फुले, आपली बोटे, आपले डोळे त्यांत घातले आहेत, आणि देशीकरणाच्या चर्चेत आम्ही ग्रंथांतून जे शोधतो ते येथे काचेआड उभे आहे. उपासनेची वस्तू काचेत ठेवणे योग्य की अयोग्य, या वादात आम्ही पडत नाही. चोरी आणि वाळवी यांपुढे काच बरी.

वास्तूचा पुढचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि तो साध्या चुन्याचा आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणच्या पावसात तो पाणी पितो, आतून भुसभुशीत होतो. म्हणून जुन्या गवंड्यांनी त्याला चुन्याच्या गिलाव्याचा अंगरखा घातला. विसाव्या शतकात दगड उघडा म्हणजे प्राचीन व सुंदर अशी एक रुची आली, आणि बॉं जेझुसच्या भिंतींवरचा गिलावा काढून टाकला गेला; त्या मंदिराच्या दगडांची झीज हा आजही वादाचा विषय आहे. युनेस्कोने १९८६ मध्ये गोव्याच्या ज्या सात धर्मवास्तू जागतिक वारशात घेतल्या त्यांत बॉं जेझुस आहे, रस्त्यापलीकडच्या ऑगस्टिनियन मंदिराचे अवशेष आहेत, सांता मोनिका नाही. त्यामुळे येथील भिंतींकडे जगाचे लक्ष कमी. जेथे गिलावा उडाला आहे तेथे सिमेंट थापण्याचा मोह सर्वत्र होतो; सिमेंट ओल आत कोंडते आणि दगड मागून कुजत जातो. चुना भिजवून मुरविणे, त्यात योग्य रेती मिसळणे आणि दर काही वर्षांनी हात फिरविणे, हे काम वेळखाऊ आहे व ते जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत. गोव्यातील धर्मप्रांताने आणि शासनाने अशा गवंड्यांचे हात आताच हुडकून त्यांच्याजवळ तरुण मुले शिकावयास ठेविली पाहिजेत. दालनांतील भित्तिचित्रे ज्या भिंतींवर आहेत त्याच भिंतींच्या बाहेरच्या अंगाला चार महिने पाऊस झोडपत असतो.